आइस हॉकीची रूकी कार्डं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मिसिसागात आम्ही मराठी मंडळी दिवाळीच्या फराळाला जमलो की पोरं आतल्या खोलीत कार्डं पसरून बसतात आणि बाहेर त्यांचे आईबाप मला गाठतात. मी बारा वर्षं ही कार्डं जमवतोय, मुलीला याच छंदात वाढवलंय. दर वर्षी शंका त्याच असतात, म्हणून यंदा बसून लिहूनच काढल्या.

ही हॉकी म्हणजे आपलीच हॉकी ना?

नाही. ही बर्फावरची हॉकी. ध्यानचंदांची हॉकी गवतावरची. कॅनडात नुसतं ‘हॉकी’ म्हटलं की बर्फावरचीच समजतात. इथे जी कार्डं म्हणतोय ती प्रामुख्याने नॅशनल हॉकी लीगच्या, म्हणजे एनएचएलच्या खेळाडूंची. हल्लीचा आकार अडीच इंच रुंद, साडेतीन इंच उंच. पुढे फोटो, मागे आकडे.

रूकी कार्ड म्हणजे नेमकं काय?

रूकी म्हणजे नवोदित. एखाद्या खेळाडूचं, लीगच्या परवान्याने छापलेलं, पाकिटातून बाजारात आलेलं, मूळ संचातलं (त्या वर्षीच्या क्रमांक दिलेल्या साध्या कार्डांतलं) पहिलं कार्ड, ते रूकी कार्ड. या व्याख्येतला शब्दन् शब्द महत्त्वाचा आहे. खेळाडू ज्युनियर लीगमध्ये असतानाची कार्डं आधीच निघालेली असतात, ती रूकी धरत नाहीत. त्याच वर्षी निघालेली चमचमती खास कार्डं दिसायला कितीही देखणी असोत, जाणकार माणूस ‘रूकी’ म्हणतो तेव्हा आधी मूळ संचातलं कार्ड त्याच्या मनात असतं. हल्ली अप्पर डेक कंपनी तर खेळाडू एनएचएलच्या सामन्यात उतरल्याशिवाय त्याचं रूकी कार्ड काढतच नाही.

म्हणजे पहिल्या हंगामाचं कार्ड तेच रूकी कार्ड?

बहुतेक वेळा हो, पण नेहमी नाही. सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो.

गॉर्डी हाउ डेट्रॉइटकडून 1946 मध्ये खेळू लागला. मॉरिस रिशार मॉन्ट्रियलकडून त्याच्याही आधी, 1942 मध्ये. पण महायुद्धामुळे बंद पडलेली हॉकी कार्डांची छपाई नीट सुरू झाली ती 1951-52 मध्ये, पार्कहर्स्ट कंपनीच्या संचाने. म्हणून दोघांची रूकी कार्डं त्या एकाच संचात आहेत: रिशार क्रमांक 4, हाउ क्रमांक 66. रिशार तोवर एका हंगामात 50 गोल करून बसला होता, तरी ते त्याचं रूकी कार्ड!

याच्या उलट गंमत वेन ग्रेट्स्कीची. त्याचं रूकी कार्ड 1979-80 चं, जगातलं सर्वांत नावाजलेलं हॉकी कार्ड. त्याच हंगामात त्याने मार्सेल डिऑनच्या बरोबरीने 137 गुण (गोल आणि गोलला केलेली मदत मिळून) मिळवले. तरी सर्वोत्तम नवोदिताची कॅल्डर ट्रॉफी त्याला मिळाली नाही, कारण तो आधीच्या वर्षी वर्ल्ड हॉकी असोसिएशन या दुसऱ्या व्यावसायिक लीगमध्ये खेळला होता, आणि एनएचएलने त्याला नवोदित मानलं नाही. ट्रॉफी गेली बॉस्टनच्या रे बोर्ककडे. आणि बोर्कचं रूकी कार्ड? ते आलं पुढच्या वर्षी, 1980-81 च्या संचात. ज्याला लीगने नवोदित मानलं त्याचं कार्ड उशिरा आलं, ज्याला मानलं नाही त्याचं त्याच वर्षी.

हे मुलांना जरूर सांगा. लीगचा नवोदित आणि कार्डाचा नवोदित या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कार्ड हातात घेऊन आधी विचारायचं ते असं: हे नेमकं कुठल्या संचातलं, कुठल्या वर्षाचं, कितव्या क्रमांकाचं?

ग्रेट्स्कीच्या त्या कार्डाचा एवढा गवगवा का?

खेळाडू ग्रेट्स्की आहे, हे पहिलं कारण. दुसरं कारण त्या कार्डाच्या कडा.

तीन वर्षांपूर्वी टोरोंटोजवळच्या कार्ड प्रदर्शनात एका वयस्कर विक्रेत्याने ते कार्ड मला जाड प्लॅस्टिकच्या, पाकिटासारख्या पट्टीतून काढून, पातळ पिशवीतच ठेवून, हातात दिलं होतं. अंगात एडमंटन ऑयलर्सची निळी जर्सी आणि चौकटही निळीच. दिव्याखाली थोडं तिरकं धरल्यावर दिसलं की चारही कोपऱ्यांवर त्या निळ्याचा टवका उडालाय आणि आतला पांढरा पुठ्ठा डोकावतोय, नखाने खरवडावं तसा. डावी कड तर दातेरी, करवतीने कापल्यासारखी. मी मनात म्हटलं, कार्ड खराब आहे. विक्रेता म्हणाला, “कडेला नावं ठेवू नका, ती कारखान्यातूनच तशी आलीय.”

ते खरंच होतं. ते कार्ड छापणारी ओ-पी-ची कंपनी ऑन्टारिओतल्या लंडन शहराची. त्यांचे तक्ते तारेने कापले जात, म्हणून कड खरखरीत येई. वर गडद निळी चौकट, जिच्यावर जरासा टवकाही लपत नाही. आणि कार्डं पोरांच्या हातातली: रबरबँड लावून खिशात, सायकलच्या चाकात, शाळेच्या भिंतीवर टप्पा मारायच्या खेळात. त्यामुळे निर्दोष प्रत जवळजवळ उरलीच नाही. कार्डाच्या अवस्थेला गुण देणाऱ्या पीएसए कंपनीचे पूर्ण 10 गुण मिळालेल्या ओ-पी-ची प्रतीला 2016 मध्ये 4 लाख 65 हजार, डिसेंबर 2020 मध्ये 12.9 लाख आणि मे 2021 मध्ये 37.5 लाख अमेरिकी डॉलर मिळाले.

2024 मध्ये तर 1979-80 च्या ओ-पी-चीच्या न फोडलेल्या पाकिटांची, सॅस्कॅचवानमधल्या एका घरात सापडलेली अख्खी पेटी लिलावात आली आणि तिच्यावर 37.2 लाख अमेरिकी डॉलरची बोली लागली. आत 16 खोकी, दर खोक्यात 48 पाकिटं, दर पाकिटात 14 कार्डं. एकूण 10,752. संच 396 कार्डांचा. भागाकार केलात तर ग्रेट्स्कीच्या साधारण 27 प्रती आत असाव्यात. त्या कशा अवस्थेत आहेत हे पेटी बंद असेपर्यंत कुणालाच कळणार नाही.

टॉप्स या अमेरिकी कंपनीचं ग्रेट्स्कीचं कार्डही तसंच दिसतं. फरक कसा ओळखायचा?

कार्ड उलटं करा. ओ-पी-चीच्या मागे इंग्रजी आणि फ्रेंच दोन्ही भाषा, कारण ते कॅनडासाठी. अमेरिकेसाठीच्या टॉप्सच्या मागे फक्त इंग्रजी. टॉप्सचा संच 264 कार्डांचा, लहान. ग्रेट्स्की दोन्हीकडे क्रमांक 18. भाव ओ-पी-चीचा बराच जास्त असतो, तेव्हा फोटोत फक्त पुढची बाजू दाखवणाऱ्याकडे मागची बाजू मागा.

मुलं सारखं ‘यंग गन्स, यंग गन्स’ करतात. ते काय?

अप्पर डेकच्या मुख्य संचातला नवोदितांचा विभाग. 1990-91 पासूनचं नाव. आजच्या काळातलं ‘खरं’ रूकी कार्ड म्हणून बहुतेक जण हेच धरतात, आणि मलाही हेच आवडतं. खास कार्डांवर असतात तशा भल्या मोठ्या सह्या नाहीत, जर्सीचे तुकडे नाहीत. एक मोठा फोटो आणि नाव. घरात बोलताना उपयोगी पडतील असे काही क्रमांक: सिडनी क्रॉसबी, 2005-06, क्रमांक 201. अलेक्झांडर ओवेचकिन, त्याच वर्षी, क्रमांक 443. कॉनर मॅकडेव्हिड, 2015-16, क्रमांक 201. ऑस्टन मॅथ्यूज, 2016-17, पुन्हा 201. कॉनर बेडार्ड, 2023-24, क्रमांक 451.

क्रॉसबी आणि ओवेचकिन एकाच वर्षी कसे, असं हमखास विचारतात. 2004-05 चा अख्खा हंगाम मालक आणि खेळाडूंच्या वादात रद्द झाला. दर वर्षी संघ क्रमाक्रमाने नवे खेळाडू निवडतात. त्यात 2004 ला निवडलेला ओवेचकिन आणि 2005 ला निवडलेला क्रॉसबी दोघांचा पहिला सामना एकाच दिवशी, 5 ऑक्टोबर 2005 ला झाला. म्हणून तो संच इतका भरलेला. त्यातल्या ओवेचकिनने एप्रिल 2025 मध्ये 895 वा गोल करून ग्रेट्स्कीचा सर्वाधिक गोलांचा विक्रम मोडला.

यंग गन्सच्याच मर्यादित आवृत्त्याही असतात. ‘एक्स्क्लुझिव्ह’ म्हणजे 100 प्रती, ‘हाय ग्लॉस’ म्हणजे फक्त 10. आकडा कार्डावरच छापलेला असतो.

पाकिटं फोडावीत की हवं ते कार्ड सुटं विकत घ्यावं?

हिशेब मांडू. जुनं प्रमाण चार पाकिटांमागे एक यंग गन. संच मालिकांनी निघतो, एका मालिकेत साधारण 50 यंग गन्स. म्हणजे नेमका हवा तो खेळाडू मिळायला सरासरी 200 पाकिटं. त्यामुळे ज्याला ठरावीक कार्ड हवंय त्याने ते सुटंच घ्यावं, प्रश्नच नाही.

पण वाढदिवसाला दोन पाकिटं आणून पोरीसोबत स्वयंपाकघरातल्या टेबलावर फोडणं, आधी सगळी पालथी ठेवणं, मग एकेक उलटवणं, याचा आनंद वेगळा आहे. त्याचे पैसे सिनेमाच्या तिकिटासारखे गेले असं धरा. परतावा म्हणून पाकिटं फोडू नका.

नवऱ्याकडे 1990-91 ची खोकंभर कार्डं आहेत. लॉटरी लागली का?

नाही, आणि हे सांगताना मला दर वेळी वाईट वाटतं, कारण माणसांनी ती तीस-पस्तीस वर्षं जपलेली असतात. त्या एका वर्षात अप्पर डेक, स्कोअर, प्रो सेट असे नवे छापणारे एकदम उतरले आणि बेसुमार छपाई झाली. सगळ्यांनीच जपून ठेवली, त्यामुळे तुटवडा झालाच नाही. यारोमिर यागर किंवा मार्टिन ब्रोडर यांची रूकी कार्डं त्यातलीच, थोर खेळाडूंची, तरी साध्या अवस्थेत स्वस्तात मिळतात. उत्तम ग्रेड मिळाली तरच थोडा भाव. याचा चांगला अर्थ असा की दहा-बारा वर्षांच्या मुलाला हॉल ऑफ फेममधल्या, म्हणजे थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीतल्या, ब्रोडरसारख्या खेळाडूचं रूकी कार्ड खाऊच्या पैशांत घेता येतं. माझ्या मुलीचं पहिलं ‘मोठं’ कार्ड यागरचंच होतं.

एक सूचना: त्या काळातली गुळगुळीत कार्डं एकमेकांना चिकटून वीट झालेली असतात. जोर लावून सोडवू नका, वरचा थर सोलून निघतो.

कुणावर पैसे लावावेत? पहिल्या क्रमांकाने निवडलेला खेळाडू घेतला की झालं ना?

1993 मध्ये ओटावाने पहिल्या क्रमांकावर अलेक्झांडर डेगल घेतला. त्याच्या कार्डांसाठी झुंबड उडाली होती. दुसऱ्या क्रमांकावर गेलेला ख्रिस प्रॉंगर पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेला, डेगलची कार्डं मात्र आज कुणी विचारत नाही. 2012 च्या पहिल्या क्रमांकाचा नेल याकुपोव्ह, त्याचंही तेच. आणि पुढे थोर ठरलेला पावेल दात्स्युक? 1998 मध्ये 171 वा निवडला गेला होता.

मॅकडेव्हिडचं उदाहरण तर डोळ्यासमोरचं आहे. पहिल्याच हंगामात, नोव्हेंबर 2015 मध्ये, गळपट्टीचं हाड मोडलं, जेमतेम 45 सामने खेळला, कॅल्डर ट्रॉफी आर्तेमी पानारिनला गेली. त्या हिवाळ्यात घाबरून कार्डं विकणारे आज हळहळतात.

माझं मत विचाराल तर गोलरक्षक आणि बचावपटू यांची कार्डं गोल करणाऱ्यांच्या मानाने नेहमी स्वस्त राहतात. गुंतवणूक म्हणून पाहणाऱ्याला हा दोष वाटेल, जमवणाऱ्याला ही संधी आहे.

नव्या खेळाडूचं कार्ड आल्या आल्या घ्यावं का?

थांबा. संच बाजारात येताना कार्डं थोडी आणि हाव मोठी असते. पाकिटं फुटत जातात तसा पुरवठा वाढतो.

खरा भाव कसा कळतो?

मागितलेला भाव आणि मिळालेला भाव यांत जमीन-अस्मानाचं अंतर असतं. ईबेवर ‘विकलेले नग’ हा पर्याय लावा आणि तेच कार्ड, त्याच अवस्थेतलं, गेल्या महिनाभरात कितीला गेलं ते चार-पाच व्यवहारांत बघा. सगळ्यात चढा आणि सगळ्यात पडेल व्यवहार बाजूला ठेवा. कॅनडाचे डॉलर की अमेरिकेचे, ते तपासा. यात मी स्वतः दोनदा फसलोय.

ग्रेडिंग करून घ्यावं का?

ग्रेडिंग म्हणजे पीएसए, बेकेट, एसजीसी यांसारख्या कंपनीकडे कार्ड पाठवायचं. ते अस्सल आहे का बघून अवस्थेला 10 पैकी गुण देतात आणि प्लॅस्टिकच्या डबीत सीलबंद करतात. बघतात चार गोष्टी: फोटो चौकटीत मधोमध आहे का, कोपरे, कडा आणि पृष्ठभाग. 9 आणि 10 यांतलं अंतर डोळ्याला दिसत नाही, पण किमतीत दुप्पट-तिप्पटही पडू शकतं.

फी, टपाल आणि विमा मिळून जेवढा खर्च होतो त्यापेक्षा कार्डाची किंमत बरीच वाढणार असेल तरच पाठवा. आधी घरी परीक्षा घ्या: खोलीतला मोठा दिवा बंद, टेबललॅम्प चालू, कार्ड डोळ्यांच्या पातळीला आडवं धरून हळूहळू कलतं करायचं. सरळ बघताना न दिसलेली केसाएवढी रेघ अशी लख्ख दिसते. माझ्या शंभरातल्या नव्वद कार्डांचा निकाल त्या टेबलावरच लागतो.

नकली कार्ड कसं ओळखावं?

ग्रेट्स्की, हाउ, बॉबी ऑर, लेमियू यांची नकली कार्डं वर्षानुवर्षं फिरतायत. दहापट मोठं दाखवणारं छोटं भिंग घ्या, जवाहिरे वापरतात तसं. अस्सल जुन्या छपाईत काळी अक्षरं सलग, भरीव असतात आणि फोटो ठिपक्यांचा. कुणी अस्सल कार्डाची प्रत काढून पुन्हा छापलं असेल तर अक्षरंही ठिपक्यांचीच दिसतात. दुसरं, त्याच संचातलं एखादं स्वस्त, सामान्य खेळाडूचं कार्ड जवळ ठेवा आणि जाडी, पुठ्ठ्याचा रंग, आकार ताडून बघा. आकार थोडा जरी कमी भरला तर कड कापून कोपरे ‘नवे’ केलेले असू शकतात. तिसरं, 1951-52 सारख्या जुन्या कार्डावर काळोखात अतिनील दिवा टाका. कागद निळसर पांढरा उजळला तर तो नव्या जमान्यातला कागद आहे. आणि मोठी रक्कम असेल तर सीलबंद ग्रेड केलेलंच घ्या, वर डबीवरचा क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर पडताळून घ्या.

अदलाबदलीची रीत काय असते?

दोघांनी आपापलं कार्ड टेबलावर ठेवायचं, भाव दोघांनी एकाच ठिकाणी बघायचा, उरलेला फरक रोख किंवा दुसऱ्या कार्डाने भरायचा. समोरच्याचं कार्ड न विचारता पिशवीतून काढायचं नाही. दोष असेल तर आपण होऊन दाखवायचा. ‘नको’ म्हटलं की विषय संपला. गावातल्या बाजारात जशी जुन्या माणसांची जबान चालायची, तशी इथे नाव चालतं. एकदा खराब झालं की कुणी आपली कार्डांची वही उघडून दाखवत नाही.

आता जे मनाला लागून राहिलंय ते सांगतो. मुलगी अकरा वर्षांची असताना एका कार्ड मेळाव्यात मी दोन टेबलं पुढे गेलो होतो. परत आलो तर ती खुशीत. एका मोठ्या माणसाने तिच्याकडून एक यंग गन घेऊन सहा चकचकीत कार्डं दिली होती. “बाबा, एकाला सहा!” सहांची मिळून किंमत त्या एकाच्या दहाव्या हिश्श्याएवढी नव्हती. तो माणूस गर्दीत निघून गेला होता. मी तिला तिथे काहीच बोललो नाही. घरी जाताना गाडीत तिने स्वतःच फोनवर भाव शोधला, आणि मग बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसली.

लहान मुलाशी व्यवहार करताना मोठ्या माणसाने आपल्या पदरचं थोडं जास्तच द्यावं, असं मी मानतो, आणि जे देत नाहीत त्यांच्याशी मी व्यवहार करत नाही. घरात आम्ही त्या दिवसापासून एक नियम केला: वीस डॉलरवरची कुठलीही अदलाबदल एक रात्र मध्ये गेल्याशिवाय पक्की करायची नाही. समोरचा थांबायला तयार नसेल तर कार्ड परत वहीत.

लहान मुलांसाठी सुरुवात कशी करावी?

2015 पासून दर हिवाळ्याच्या तोंडावर टिम हॉर्टन्स या कॉफीच्या दुकानांत अप्पर डेकची हॉकी कार्डं मिळतात. कॉफी घेताना एक पाकीट. यातली बहुतेक कार्डं किमती नसतात, आणि म्हणूनच ती शाळेत नेऊन बिनधास्त बदलता येतात. मराठी शाळेच्या मधल्या सुट्टीत सगळ्यात जास्त उलाढाल याच कार्डांची चालते.

कार्डं ठेवायची कशी? भारतात नेली तर चालतील?

आधी पातळ मऊ पिशवी, मग कडक प्लॅस्टिकची पट्टी, मग डबा उभा ठेवायचा. रबरबँड नको, उन्हातली भिंत नको. कार्ड थेट कडक पट्टीत सरकवू नका, कडा घासतात. पुण्या-मुंबईला नेत असाल तर खरा शत्रू पावसाळा आहे. चमकत्या थराची कार्डं दमट हवेत धनुष्यासारखी वाकतात. घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या, आणि जूनच्या आधी त्या बदलायच्या. आईकडे साताऱ्याला ठेवलेली माझी वीसेक कार्डं एकाच पावसाळ्यात वाकली होती. साधी पुठ्ठ्याची त्या मानाने टिकली.

विकायचं कधी?

गरज असेल तेव्हा, किंवा त्या कार्डाकडे बघावंसं वाटेनासं झालं तेव्हा. बाजाराच्या हिशेबाने म्हणाल तर हंगाम चालू असताना, ऑक्टोबर ते एप्रिल, मागणी बरी असते. उन्हाळ्यात मंदावते, तेव्हा घेणाऱ्याने घ्यावं. दुकानदार तुम्हाला चालू भावापेक्षा बरंच कमी देणार, त्याला त्याचं भाडं आणि नफा काढायचा असतो, त्यात राग मानू नये.

मुलीचं ते यागरचं कार्ड मात्र विकायचं नाही असं ठरलंय. कोपरा जरा दुमडलाय, किंमत पाच डॉलरही येणार नाही. ते तिच्या अभ्यासाच्या टेबलावर, पट्टीत उभं आहे.